नाशिक बुडालं म्हणे! सनसनाटी कुठून येते आणि कुठे लागते

गोदावरीला पूर आला की सोलापूरहून मावशीचा फोन येणार, हे ठरलेलं. "अगं, टीव्हीवर दाखवतायत, नाशिक बुडालं म्हणे! घरात पाणी शिरलं का गं?" मी इंदिरानगरला राहते. आमच्याकडे त्या दिवशी रस्ते ओले असतात आणि कपडे वाळत नाहीत, याहून जास्त काही झालेलं नसतं. पण मावशीचा आवाज कापत असतो. तिची भीती खरी, तिने टीव्हीवर पाहिलेलं पाणीही खरं. दोन्ही खरं असून ‘नाशिक बुडालं’ हे वाक्य मात्र खोटं. हे कसं घडतं ते इथे उलगडून सांगायचं आहे. मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते, त्यामुळे वाट थोडी तत्त्वज्ञानातून जाईल.

आधी पाण्याचंच बघू. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो आणि गंगेला किती पाणी आहे ते या मारुतीच्या अंगावर मोजतो. पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला, गळ्याला. कमरेच्या वर जायला लागलं की सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार माल हलवू लागतात. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत पाणी गेलं, तर तो नातवंडांना सांगण्याचा महापूर. २००८, २०१६, २०१९ या वर्षांचे पूर आमच्याकडे अशाच खुणांनी लक्षात आहेत.

दुसरं माप आकड्यांचं. गंगापूर धरणातून पाणी सोडतात ते क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळपास २ लाख ८३ हजार लिटर. दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर एका सेकंदात रिते केल्यासारखं. त्यात शहरातल्या नाल्यांचं पाणी मिळतं. पाऊस शहरातही पडत असला, तर होळकर पुलाखालचा आकडा धरणातून सोडलेल्या आकड्यापेक्षा मोठा असतो. हे दोन आकडे आणि मारुती, एवढ्यावर इथला माणूस ठरवतो की दुकान आवरायचं की निवांत चहा घ्यायचा.

मावशीला यातलं काहीच दिसत नाही. तिला दिसतं गळ्यापर्यंत पाण्यातला मारुती, त्यामागे फेसाळणारं गढूळ पाणी, त्यावर ढोलाचे ठोके आणि लाल पट्टीत ‘हाहाकार’. त्या चौकटीबाहेरचं कोरडं सिडको, कोरडं नाशिकरोड तिला कुणी दाखवत नाही.

आता शब्दाकडे येऊ, कारण शब्दातच अर्धी गोष्ट दडलेली आहे. अशा बातमीला आपण खळबळजनक म्हणतो, सनसनाटी म्हणतो. खळबळ हा स्वयंपाकघरातलाही शब्द. बरणीत थोडं पाणी घाल आणि खळबळून घे, असं आई म्हणायची. खळबळलेल्या पाण्याचा तळ दिसत नाही, हे कुणी शिकवावं लागत नाही. सनसनाटी आला हिंदीतल्या सनसनीकडून. अंगातून सर्रकन जाणारी झिणझिणी ती. इंग्रजीतला सेन्सेशन हा शब्दही आधी शरीराचाच आहे: त्वचेला, नाकाला, डोळ्याला जे जाणवतं ते. म्हणून सेन्सेशनलिझम या एकाच शब्दाला दोन अर्थ आले. वर्तमानपत्रं आणि चॅनलांच्या बाबतीत त्याचा अर्थ सनसनाटीपणा. तत्त्वज्ञानात त्याचा अर्थ संवेदनवाद, म्हणजे माणसाला जे काही कळतं ते सगळं इंद्रियांच्या संवेदनांतूनच येतं असं मानणारी विचारसरणी. शब्दकोशात हे दोन अर्थ एकाखाली एक, एकमेकांशी ओळख नसल्यासारखे बसलेले असतात. मला मात्र वाटतं, दुसरा समजला की पहिला जास्त नीट समजतो.

संवेदनवादातलं सर्वांत सुंदर उदाहरण एका मूर्तीचं आहे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९० च्या आपल्या ग्रंथात म्हटलं होतं की ज्ञान दोन दारांनी येतं: एक संवेदना, दुसरं मनाने स्वतःच्याच कामाकडे वळून पाहणं. फ्रान्समधल्या एत्येन बोनो द कोंदियाक याला दुसऱ्या दाराची गरजच वाटेना. १७५४ साली त्याने संवेदनांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात वाचकाला एक कल्पना करायला सांगितली.

समजा, एक संगमरवरी मूर्ती आहे. आतून अगदी आपल्यासारखी घडलेली, पण अजून एकही अनुभव न आलेली. तिची सगळी इंद्रियं बंद आहेत. आधी फक्त नाक उघडायचं आणि समोर गुलाब धरायचा. (नाशिकचं मोगलाईतलं नाव गुलशनाबाद, म्हणून हा गुलाब वर्गात सांगताना मला विशेष आनंद होतो.) आता त्या मूर्तीला ‘मी’ वेगळी आणि ‘गुलाब’ वेगळा असं काही कळत नाही. तिच्यापुरती ती स्वतःच गुलाबाचा वास आहे. त्या एका वासाने तिचं सगळं चित्त भरून गेलं. कोंदियाक म्हणतो, हेच अवधान. गुलाब दूर नेला तरी ठसा उरला, ती स्मृती. मग दुसरं फूल धरलं. एक वास समोरचा, एक आठवणीतला. त्यांच्यातला फरक जाणवला, ती तुलना. एक हवासा, एक नकोसा, त्यातून इच्छा. एकेक पायरी चढत तो इथपर्यंत येतो की बुद्धी, निर्णय, हव्यास हे सगळं म्हणजे रूप बदललेल्या संवेदनाच. बाहेर जग आहे हे मात्र मूर्तीला स्पर्शाशिवाय कळत नाही. तिचा हात तिच्याच छातीला लागला की दोन्हीकडून जाणीव होते, हातालाही आणि छातीलाही. हात दगडाला लागला की एकाच बाजूने उत्तर येतं, दुसरी बाजू गप्प राहते. तेव्हा तिला उमगतं, की हे आपण नव्हे.

या मूर्तीतली एक गोष्ट धरून ठेवा. तिचं अवधान म्हणजे तिने स्वतः दिलेलं लक्ष नव्हतं. जी संवेदना सर्वांत तीव्र, तिने चित्त व्यापून टाकलं, इतकंच. आणि ते व्यापलेलं असताना मूर्तीला बाहेर काय आहे याचा पत्ता नव्हता. मावशी रात्री नऊ वाजता टीव्हीसमोर बसते तेव्हा लाल रंग, वाढत जाणारा आवाज, तेच दृश्य पुन्हा पुन्हा, हे सगळं तिच्यासमोर गुलाबासारखं धरलेलं असतं. फक्त वास भीतीचा असतो.

कोंदियाकचं सगळंच मान्य करायला हवं असं नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७८१ मध्ये मोठा आक्षेप नोंदवला. थोडक्यात त्याचं म्हणणं असं, की संवेदना हा कच्चा माल आहे; त्याला संकल्पनांची चौकट मिळाली नाही तर तो आंधळा राहतो, आणि नुसत्या संकल्पना रिकाम्या राहतात. पूर पाहून ‘हे गळ्यापर्यंत आहे, कालच्यापेक्षा जास्त आहे, उतरायला लागलं आहे’ हे म्हणायला डोळ्याबरोबर माप लागतं, तुलना लागते, काळाचं भान लागतं. कांटशी मी सहमत आहे. दुतोंड्या मारुती नेमकं हेच काम करतो: दिसणाऱ्या पाण्याला माप देतो.

पण बातमीचा प्रश्न सोडवायला मला आपल्याकडचे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे विचारवंत, जास्त जवळचे वाटतात. चार्वाकांनी ज्ञानाचं एकच खात्रीचं साधन मानलं, प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना थेट जाणवलेलं. न्यायदर्शनाने चार मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याने सांगितल्यावरून झालेलं ज्ञान. न्यायसूत्रांत त्याची व्याख्या दोनच पदांची आहे: आप्तोपदेशः शब्दः. आप्त म्हणजे इथे नातेवाईक नव्हे. ज्याने गोष्ट स्वतः जाणून घेतली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन पुढे म्हणतो, ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, आप्ताचं लक्षण सगळ्यांना सारखंच. म्हणजे हुद्दा बघायचा नाही, चेहरा बघायचा नाही. याला माहीत आहे का आणि हा जसंच्या तसं सांगतोय का, हे दोनच प्रश्न.

बातमी ही जवळजवळ नेहमीच शब्द असते. आपण तिथे नव्हतो. कुणीतरी होतं आणि ते सांगतंय. त्यात कमीपणा काहीच नाही, जगाबद्दलचं आपलं बहुतेक ज्ञान असंच येतं. सनसनाटी बातमी काय करते, तर या शब्दाला प्रत्यक्षाचे कपडे चढवते. ‘पाहा’, ‘थेट’, ‘कॅमेऱ्यात कैद’, ‘काळजाचा ठोका चुकवणारी दृश्यं’. अंगावर काटा आला की आपल्याला वाटतं आपण स्वतः पाहिलं. आणि स्वतः पाहिलेल्या गोष्टीबद्दल ‘सांगणारा आप्त आहे का?’ असं कोण विचारतं? आपल्याकडे म्हणतात, खऱ्याखोट्यात चार बोटांचं अंतर. डोळा आणि कान यांच्यातलं ते अंतर. आता फोनवरची अफवा कानातून येतच नाही, ती डोळ्यातूनच येते. ती चार बोटं पुसली गेली आहेत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला एक व्हिडिओ आला. पार्किंगच्या भिंतीवरून बिबट्या उडी मारतो, दोन गाड्यांमधून चालत येतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि अंधारात जातो. खाली लिहिलेलं: ‘पाथर्डी फाटा, आत्ता. मुलांना बाहेर सोडू नका.’ नाशिकमध्ये बिबट्या वस्तीत येतो, दरवर्षी कुठे ना कुठे येतोच, त्यामुळे शंका घ्यायला कारण नव्हतं. माझ्या हाताला खरंच घाम आला. मी तो लगेच नणंदेला आणि शाळेच्या ग्रुपवर पुढे पाठवला. सकाळी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आल्या नाहीत. त्या पाथर्डी फाट्याकडूनच अंधारात चालत येतात, व्हिडिओ त्यांच्याही पोरापर्यंत पोचला होता. चार घरांची कामं बुडली.

दुपारी वर्गातल्या एका मुलाने मला व्हिडिओ थांबवून दाखवला. बिबट्या ज्या मोटारसायकलीजवळून जातो तिची नंबर प्लेट. नाशिकची गाडी म्हणजे एमएच १५. ही एमएच १२ होती, पुण्याची. एका गाडीवरून काय सिद्ध होतं, म्हणून त्याने शेजारची दाखवली, तीही एमएच १२. मागच्या भिंतीशी तिसरी, तीही. मी तो व्हिडिओ किमान पाच वेळा पाहिला होता. बिबट्याशिवाय मला त्यात काहीच दिसलं नव्हतं.

बिबट्या खरा होता. माझ्या डोळ्यांनी मला फसवलं नाही. ‘पाथर्डी फाटा’ आणि ‘आत्ता’ हे दोन शब्द मात्र मी पाहिले नव्हते, ते कुणीतरी मला सांगितले होते. प्रत्यक्ष आणि शब्द एकाच पुडीत बांधून आले आणि मी पुडी न सोडताच पुढे दिली. त्या मावशींचा बुडालेला दिवस मी भरून दिला, पण त्या पहाटे त्यांच्या घरात जी भीती होती ती परत घेता येत नाही.

याच गोष्टीने आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात माणसं मेली आहेत. १ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना, मुलं पळवणारी टोळी समजून, जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा तेव्हा देशभर व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्यात एक व्हिडिओ होता: मोटारसायकलवरून दोघं येतात आणि खेळणारं मूल उचलून नेतात. ती मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जनजागृतीची फिल्म. शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणल्याचं जाहीर केलं.

सनसनाटी ही फोनची देणगी नाही. तिचा धंदा जमला तो छापील कागदावर, आणि त्याचं कारण पैशाच्या हिशोबात आहे. १८३३ साली बेंजामिन डे याने ‘न्यूयॉर्क सन’ हे दैनिक एका सेंटला काढलं, तेव्हा बाकीची साधारण सहा सेंटला मिळत. एका सेंटमध्ये खर्च निघणार नव्हता. तो निघणार होता जाहिरातींतून. जाहिरातदाराला विकायची वस्तू म्हणजे वाचकांची संख्या. तिथून पुढे बातमी किती खरी, यापेक्षा ती किती डोळे थांबवते याला भाव आला. दोनच वर्षांनी, १८३५ मध्ये, याच दैनिकाने सहा लेखांची मालिका छापली: चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसली. जॉन हर्शेल या खऱ्या, नामवंत खगोलशास्त्रज्ञाचं नाव त्यात घातलं होतं. आप्ताचं नाव उसनं आणायचं, ही युक्ती इतकी जुनी.

१८९० च्या दशकात जोसेफ पुलित्झर यांचं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ आणि विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचं ‘न्यूयॉर्क जर्नल’ यांच्यात जुंपली. पिवळ्या झग्यातल्या एका पोराची व्यंगचित्रं दोघांनाही आपल्याकडे हवी होती. त्या झग्यावरून पीत पत्रकारिता हे नाव पडलं. १५ फेब्रुवारी १८९८ ला हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोट होऊन बुडाली, २६० हून अधिक माणसं गेली. दोन दिवसांत जर्नलने पहिल्या पानावर हे शत्रूचं कृत्य असल्याचं ठोकून दिलं आणि गुन्हेगार शोधणाऱ्याला ५० हजार डॉलरचं बक्षीस लावलं. एप्रिलमध्ये स्पेनशी युद्ध सुरू झालं. ते वर्तमानपत्रांमुळेच झालं असं म्हणणं इतिहासाला धरून नाही, कारणं पुष्कळ होती. पण १९७६ साली अमेरिकी नौदलातल्याच ॲडमिरल रिकोव्हर यांनी केलेल्या अभ्यासात निष्कर्ष निघाला, की स्फोट बहुधा जहाजाच्या आतच, कोळशाच्या कोठारातल्या आगीने झाला. जहाज बुडालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. शत्रू कुणी पाहिला नव्हता.

आपल्या चॅनलांचा हिशोब आजही तोच, फक्त सेंटच्या जागी टीआरपी आली. देशातल्या निवडक घरांतल्या टीव्हीला मीटर जोडून कोण काय पाहतंय ते मोजतात आणि त्यावर जाहिरातीचा दर ठरतो. या आकड्यांबद्दल गैरप्रकारांचे आरोप झाल्यावर ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत वृत्तवाहिन्यांची मोजणी जाहीर करणंच बंद होतं. छापील वृत्तपत्रांविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. १९७८ च्या कायद्याने कौन्सिल ताकीद देऊ शकतं, निषेध नोंदवू शकतं. दंड करू शकत नाही. टीव्ही तर त्याच्या कक्षेतच नाही.

मग धक्का देणारी प्रत्येक बातमी वाईट का? मुळीच नाही, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. १९८० मध्ये बिहारच्या भागलपूरमध्ये पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडून त्यात ॲसिड ओतल्याचं वर्तमानपत्रांनी उघड केलं. ते वाचून देश हादरला. हादरायलाच हवं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि गरीब आरोपीला सरकारने मोफत वकील द्यायलाच हवा, हे तिथे बजावलं गेलं. त्या बातमीतला धक्का घटनेतच होता. वार्ताहर तिथे गेला होता, कागद पाहिले होते, माणसांशी बोलला होता. संगीत लावायची गरज नव्हती. कुणी आज ‘शांतपणे मांडा’ म्हणत अशा बातम्या दाबू पाहील, तर मी त्याच्या बाजूने नाही.

सनसनाटी आवाज चढवूनच येते असंही नाही. कधी ती साध्या आकड्यात बसते. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचे रोज तीन भाव लागतात: किमान, कमाल आणि सरासरी. समजा कमाल ४,००० रुपये क्विंटल आणि सरासरी २,२०० आहे. मथळा येतो: ‘कांदा ४,००० पार!’ आकडा खोटा नाही; एखाद्या उत्तम मालाच्या ट्रॅक्टरला तो मिळालाही असेल. पण निफाडच्या ज्या शेतकऱ्याने आज कांदाचाळीत साठवलेला कांदा विकला, त्याच्या विक्रीच्या पावतीवर सरासरीच्या आसपासचा भाव असतो. शहरातली बाई मथळा वाचून म्हणते, शेतकरी मालामाल झाला. एक शब्द गाळून पराचा कावळा झाला: कमाल.

या पावसाळ्यात मी अकरावीच्या वर्गात मुलांना पुराच्या बातमीतली तीन वाक्यं फळ्यावर लिहून दिली. ‘गोदावरीला पूर.’ ‘नाशिक पाण्याखाली.’ ‘नागरिकांमध्ये प्रचंड घबराट.’ सांगितलं, जे कॅमेऱ्याला दिसू शकतं त्याखाली निळी रेघ, जे कुणीतरी सांगितलंय त्याखाली लाल. पहिल्याखाली सगळ्यांनी निळी ओढली. दुसऱ्यावर वाद झाला. किती नाशिक, कुठलं नाशिक, असं चाललं. तिसऱ्याखालीही बहुतेकांनी निळीच ओढली, कारण दृश्यात माणसं डोक्यावर सामान घेऊन धावत होती. भांडी बाजारात राहणारी एक मुलगी मागच्या बाकावरून उठली. म्हणाली, "मॅडम, त्यात माझे पप्पा आहेत. ते घाबरले नव्हते. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं होतं म्हणून आम्ही पातेली माळ्यावर चढवत होतो."